कागेहाराची मधली जागा

माझ्या भिंतीवर एक निवेदन लावलेले आहे. ते असे: "प्रवासी महिलेने धोक्याची सूचना देणारी फरशी ओलांडली. दृष्टिहीनांसाठीची मार्गदर्शक वाट दोन्ही कंपन्यांच्या हद्दीत अखंड व निर्दोष होती. कर्मचारी आपापल्या जागी हजर होते आणि ध्वनिक्षेपकावरून सूचना चालू होत्या. घडल्या प्रकाराबद्दल आम्ही मनःपूर्वक खेद व्यक्त करतो."

मित्रांनो, मी जपानमधले एक जुने रेल्वे स्थानक आहे. माझे नाव कागेहारा. मला मालक दोन आहेत, म्हणून हे निवेदनही दोनदा लावलेले आहे: एकदा तांबड्या चौकटीत आणि एकदा हिरव्या चौकटीत. मजकूर मात्र अक्षरशः एकच. ज्या दोन कंपन्यांना आजवर मिळून एक घड्याळ टांगता आले नाही, त्यांना हा मजकूर एकमताने लिहिता आला.

या निवेदनात एकही असत्य वाक्य नाही, आणि हीच त्याच्याविषयी माझी तक्रार आहे. खोटे विधान पाडायला एक पुरावा पुरतो. पण खरी विधाने निवडून घेतली, गैरसोयीची तेवढी वगळली आणि उरलेली ओळीने मांडली, तर ती पाडायला सगळे आयुष्य सांगावे लागते. ते मी सांगते. ज्या महिलेचा उल्लेख तिथे नावाशिवाय झाला आहे, तिचे नाव तात्सुनो किकुए होते. ती माझ्या फलाटावरून रुळांवर पडली आणि गेली. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण शेवटी धक्का देण्यासाठी एखाद्याचे मरण झाकून ठेवणे मला पसंत नाही.

माझा जन्म तुतीच्या मळ्यांत झाला. त्या काळी या भागात घरोघरी रेशमाचे किडे पाळत आणि रात्रंदिवस पाला खाण्याचा त्यांचा आवाज पावसासारखा ऐकू येई. तांबडी कंपनी उत्तरेकडून आली. तिचे खरे नाव लांबलचक आहे. डब्यांवरच्या पट्ट्यावरून लोक तिला तांबडी म्हणतात. तिने मळ्याच्या कडेला लाकडी फलाट घातला, वर कौलांचे छप्पर चढवले आणि माझे नामकरण केले. काही वर्षांनी दक्षिणेकडून हिरवी कंपनी आली. तिने पहिल्या फलाटाला जोडूनच आपला फलाट घातला. पण कालव्याच्या काठाने जमीन वळत होती, म्हणून तो फलाट थोडा तिरका बसला. वर्गात एकाच बाकावर बसवलेली, पण एकमेकांकडे पाठ केलेली दोन मुले तुम्ही पाहिली असतील. माझे दोन फलाट तसे होते. मध्ये माणसाहून उंच फळ्यांचे कुंपण होते. एका गाडीतून उतरून दुसरीत जायचे तर जिना उतरून, मळ्याला वळसा घालून, चिखल तुडवत जावे लागे.

ती भांडणाची वर्षे होती आणि मी त्यांच्याविषयी आदराने बोलणार आहे. तांबडीच्या फलाटावरची एखादी फळी सैल झाली की कुंपणापलीकडून हिरवीचा हमाल ओरडे, "अहो शेजारी, तुमच्या फळीला दात फुटलेत. गिऱ्हाईक गिळायच्या आत ठोकून घ्या." रांगेतले प्रवासी हसत. तांबडीचे लोक लाल होत आणि दिवस मावळायच्या आत फळी ठोकली जाई. हिरवीच्या कंदिलाची काच तडकली की तांबडीकडून विचारणा होई, "काय हो, तेल संपलं की पगार?" दुसऱ्या दिवशी नवी काच. माझ्या अंगावर असा एकही दोष नव्हता की जो संध्याकाळपर्यंत कोणी चव्हाट्यावर मांडला नाही. त्या काळात माझ्या फलाटावरून एकही माणूस पडून मेला नाही. इतिहास लिहिणारे या वर्षांना कटुतेचा कालखंड म्हणतात. मी त्यांना देखभालीचा कालखंड म्हणते.

मग युद्ध आले. त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात कुंपणाच्या फळ्या एकेक करून नाहीशा झाल्या. लोकांनी त्या चुलीत घातल्या आणि त्यांच्यावर रताळी उकडली. मला राग आला नाही. युद्ध संपल्यावर दोन्ही कंपन्यांच्या लक्षात आले की कुंपण नाही, प्रवासी सरळ इकडून तिकडे जातात, आणि जगबुडी झालेली नाही. तेव्हा त्यांनी समेट केला. दोन फलाटांच्या सांध्यावर जमिनीत एक पितळी पट्टी बसवण्यात आली, म्हणजे हद्द कायम राहील पण पायांना अडणार नाही. सोहळ्याला दोन्ही अध्यक्ष आले. फीत आधी कोणी कापायची हा प्रश्न होता, म्हणून ती दोन ठिकाणी एकाच क्षणी कापण्यात आली. मधला तुकडा वाऱ्याने उडून रुळांत पडला. तो उचलायला कोणी उतरले नाही, कारण तो कोणाच्या वाट्याचा हे ठरलेले नव्हते.

त्या दिवसापासून माझ्या अंगणात सौजन्य सुरू झाले.

सौजन्य कसे असते ते सांगते. तांबडीचा झाडूवाला पट्टीपर्यंत झाडत येई आणि वीतभर आधी थांबे, आपली धूळ शेजाऱ्याकडे जाऊ नये म्हणून. पलीकडचाही वीतभर सोडूनच सुरुवात करी. बर्फ पडला की दोन्हीकडचे लोक फावडी घेऊन येत, आपापली बाजू लख्ख करत, एकमेकांना कमरेत वाकून नमस्कार करत आणि निघून जात; मध्ये बर्फाचा एक बांध उरे आणि म्हातारी माणसे त्याच्यावरून घसरत. पट्टीच्या एका बाजूला एक घड्याळ, दुसऱ्या बाजूला दुसरे. दोन्हींत थोडा फरक पडला तर कोणाचे चुकले हे विचारणे अशिष्टपणाचे मानले जाई. आणि एखाद्याच्या बाजूला काही मोडलेले दिसले, तर पलीकडचा माणूस नजर दुसरीकडे वळवी. पाहुण्याच्या मोज्याला भोक दिसले की यजमान जसा बागेकडे बघू लागतो, तसे.

अशातच दृष्टिहीनांसाठी पिवळ्या फरशा बसवण्याचा हुकूम आला. त्यांच्यावर उठाव असतो, तो पायाला आणि काठीला कळतो. उभ्या रेघांची फरशी म्हणजे चालत राहा. ठिपक्यांची फरशी म्हणजे थांबा, पुढे धोका आहे. फलाटाच्या कडेला म्हणूनच सलग ठिपके असतात. इतकी सोपी भाषा जगात दुसरी नसेल: दोन शब्दांची, आणि त्यांतल्या एकावर जीव अवलंबून.

तांबडीने आपल्या जिन्यापासून रेघांची वाट आणली आणि पट्टीच्या जरा अलीकडे थांबवली. आपल्या सिमेंटचा एक कण शेजाऱ्याच्या हद्दीत पडू नये, हा विचार. वाट संपते तिथे ठिपके बसवावेत असा नियम आहे, म्हणून तिने शेवटी ठिपके बसवले. हिरवीने पुढल्या वर्षी आपली वाट पट्टीच्या जरा पलीकडून सुरू केली, त्याच आदराने. तिचा फलाट तिरका असल्यामुळे तिची वाट थोडी एका अंगाला सुरू झाली. दोन्ही वाटांच्या मध्ये उघडी, गुळगुळीत, मुकी जागा राहिली. फलाट नेमका तिथेच वळतो, आणि हिरवीच्या फलाटाची रुळांकडची कड तिथे सर्वांत जवळ येते.

आता निवेदनातला "अखंड" हा शब्द पुन्हा वाचा. वाट दोन्ही कंपन्यांच्या हद्दीत अखंड होती. होतीच. ती फक्त जिथे माणसे चालत होती तिथे अखंड नव्हती.

किकुए-सान, म्हणजे किकुएबाई, जन्मापासून आंधळ्या नव्हत्या. तरुणपणी आजाराने दृष्टी गेली. त्या अंग चेपण्याचे आणि सुया टोचून उपचार करण्याचे काम शिकल्या. राहायच्या तांबडीच्या मार्गावर, कामाला जायच्या हिरवीच्या मार्गावरच्या एका उपचारगृहात. रोज सकाळी माझ्याकडे गाडी बदलायची आणि त्याआधी सुगेबाईंच्या टपरीवर उभ्यानेच गरम सोबाची, म्हणजे सूपातल्या शेवयांची, वाटी संपवायची, असा त्यांचा क्रम होता. सुगेबाईंची टपरी तांबडीच्या बाजूला, पट्टीपासून हाकेच्या अंतरावर. तिथे झालेले एक बोलणे मला शब्दशः आठवते, कारण त्यानंतर मला कधी स्वस्थता लाभली नाही.

"आज सूप खारट झालंय," किकुए-सान म्हणाल्या.

"सूप तेच आहे. तुमच्या जिभेनं आता पेन्शन घ्यावं."

"खांदे कसे आहेत?"

"दगड झालेत. तुम्ही रविवारी याल म्हणून वाट बघतात." सुगेबाईंनी वाटी पुसता पुसता विचारले, "मी काल बघत होते. ते ठिपके लागले तरी तुम्ही थांबत नाही. सरळ चालू लागता. ठिपके म्हणजे थांबायचं ना?"

"बाकी सगळीकडे. इथे नाही." किकुए-सान हसल्या. "इथे ठिपके म्हणजे हद्द आली. मग तीन पावलं सरळ टाकायची, काठी जरा उजवीकडे फिरवायची, की पलीकडच्या रेघा लागतात. पहिल्या वर्षी फार घाबरायचे. आता पाय आपोआप जातात."

"म्हणजे 'थांबा' म्हटलं की तुम्ही चालता."

"तुमच्या स्टेशनानं शिकवलंय. मी गुणी विद्यार्थिनी."

"आणि एखाद्या दिवशी खरंच थांबायचे ठिपके लागले तर?"

"तेव्हा कोणीतरी ओरडेलच की."

"इथे?" सुगेबाई म्हणाल्या. "इथे कोणाच्या कोटाला आग लागली तर लोक आधी 'माफ करा, आपल्याला त्रास देतोय' म्हणतील. तोवर बाही गेलेली असेल. तुम्ही तक्रार का नाही करत?"

"कोणाकडे करू? तांबडीकडे केली तर हिरवीवाल्यांना वाटेल त्यांच्यावर रोख आहे. हिरवीकडे केली तर उलट. माझ्या एकटीपायी दोन्हीकडची मंडळी धावपळ करणार. नको. तीन पावलांचा तर प्रश्न आहे."

मित्रांनो, मला बोलता येत नाही. पण स्थानकाला भार कळतो. कोणत्या पावलाला घाई आहे, कोणते थकले आहे, कोणते घाबरले आहे, हे मला फरशीतून समजते. त्या तीन पावलांत किकुए-सानच्या अंगाचा भार किंचित मागे रेललेला असे. तोंडाने काहीही म्हटले तरी पाय शेवटपर्यंत घाबरतच होते.

सुगेबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी तांबडीचे स्टेशनमास्तर मुरोझुमी यांना टपरीवर गाठले. मुरोझुमी साहेब कर्तव्यदक्ष होते. गाडी येताना आणि जाताना पांढरा हातमोजा घातलेले बोट सिग्नलकडे, रुळांकडे, दारांकडे रोखून ते मोठ्याने "ठीक" म्हणत. त्यांच्या हद्दीतल्या प्रत्येक वस्तूला दिवसातून अनेकदा ते बोट आणि तो शब्द मिळे. मधल्या जागेकडे ते बोट कधी वळले नाही; नियमाप्रमाणे वळायचे कारण नव्हते.

"साहेब, तिथे फरशी नाही," सुगेबाई म्हणाल्या. "बाई रोज अंदाजानं जातात."

"हो. माझ्या लक्षात आहे."

"लक्षात ठेवून काय लोणचं घालायचंय? बसवून टाका की."

"जागा पलीकडची आहे, बाई. म्हणजे निम्मी. ओबाता साहेबांशी सवडीनं बोलावं लागेल."

ओबाता हे हिरवीचे स्टेशनमास्तर. दोघांची भेट उन्हाळ्याच्या मध्यावर, एकमेकांना भेटवस्तू द्यायच्या दिवसांत झाली. पट्टीच्या दोन बाजूंना दोघे उभे राहिले, वाकले, पुन्हा वाकले. मुरोझुमींनी सुकवलेल्या समुद्री शेवाळाचा डबा दिला, ओबातांनी चहाचा. त्यांचे बूट त्या उघड्या जागेच्या दोन कडांवर होते. दोघांनीही एकदा खाली पाहिले. मला त्यांच्या बुटांची टोके वळलेली कळली.

"आपल्याकडच्या फरशांचं काम फार सुरेख झालंय," मुरोझुमी म्हणाले.

"कसलं सुरेख. आम्ही आपलं तुमचं बघून शिकतो."

"नाही, नाही. आमची तर जुनी झाली. फक्त ही..." मुरोझुमी थांबले. "यंदा उकाडा फार आहे."

"फारच. मीही म्हणणार होतो की ही..." ओबाता म्हणाले. "म्हणजे, आपल्या मनात काही असेल तर आधी आपण सांगावं."

"छे. आधी आपण."

"आपण वडीलधारे. आधी आपण."

"मग पुढच्या खेपेला निवांत बोलू."

"अवश्य. निवांत."

दोघे वाकले. टपरीतून सुगेबाईंचा आवाज आला, कोणाला उद्देशून नसल्यासारखा: "दारात दोघं 'आधी आपण, आधी आपण' करत उभे, आणि आत चहा गार." दोन्ही स्टेशनमास्तर ऐकू न आल्यासारखे हसले. पुढची खेप वर्षअखेरच्या भेटवस्तूंची होती. तेव्हाही शेवाळ आणि चहा यांची अदलाबदल झाली आणि थंडीविषयी बोलणे झाले. त्यानंतरच्या उन्हाळ्यातही तसेच.

असे होता होता तो एप्रिल आला. एप्रिलमध्ये नव्या नोकऱ्या सुरू होतात. नवे कोट, नव्या पिशव्या, नवे चेहरे. ही माणसे पट्टी ओळखत नव्हती, आणि पांढरी काठी घेऊन येणाऱ्या त्या बाईंनाही ओळखत नव्हती. त्या सकाळी हिरवीच्या गाड्या उशिरा धावत होत्या. रांगा वाढत गेल्या, पट्टीपर्यंत आल्या आणि मधल्या उघड्या जागेवर पसरल्या. हिरवीचा ध्वनिक्षेपक उशिराबद्दल माफी मागत होता. तांबडीचा ध्वनिक्षेपकही माफी मागू लागला, शेजाऱ्याच्या उशिराबद्दल. तशी रीत आहे. दोन्हींच्या माफ्या एकमेकींवर आपटत होत्या आणि त्यांच्याखाली येणाऱ्या गाडीचा आवाज बुडत होता. निवेदनात म्हटलेल्या सूचना चालू होत्या त्या ह्या.

किकुए-सान तांबडीच्या गाडीतून उतरल्या. सोबा खाल्ला नाही. गर्दीमुळे टपरीपर्यंत पोचणे अवघड होते. रेघांवरून चालत त्या ठिपक्यांवर आल्या. समोर माणसे होती. "माफ करा, माफ करा," त्या म्हणाल्या.

आणि माणसे बाजूला झाली. ही गोष्ट नीट ऐका. कोणी ढकलले नाही, कोणी वैतागले नाही. कोणी फोनमधून डोके काढले, कोणी पिशवी पोटाशी धरली, आणि प्रत्येकाने आपल्याला जेवढे जमेल तेवढे मागे सरून त्यांना वाट करून दिली. पण रांग तिरकी होती, कारण फलाट तिरका आहे. तेव्हा जी वाट मोकळी झाली ती पलीकडच्या रेघांकडे जात नव्हती. ती कडेकडे जात होती. नम्र माणसांच्या दोन भिंतींमधून किकुए-सान चालल्या. इतक्या माणसांनी वाट दिली आणि एकानेही तोंड उघडले नाही. आंधळ्या बाईंना हात धरणे, हटकणे म्हणजे चारचौघांत त्यांना लाजवणे, असे प्रत्येकाला वाटले असावे. त्या शांततेत एकही दोष नव्हता. शिष्टाचाराच्या कोणत्याही परीक्षेत ती पूर्ण गुणांनी उत्तीर्ण झाली असती.

तीन पावले झाली, रेघा लागल्या नाहीत. त्यांनी काठी उजवीकडे फिरवली. ती कोणाच्या तरी बुटाला लागली. "माफ करा." बूट मागे झाला. त्या आणखी जरा वळल्या. मग पायाखाली ठिपके आले.

मला त्यांचा भार कळला. तो हलका झाला. ठिपके लागले म्हणजे आपण वळत वळत पुन्हा हद्दीवर आलो, असे त्यांना वाटले. चुकलेली वाट सापडल्यावर माणसाचे अंग सैल होते, तसे ते सैल झाले. त्या दिवशी प्रथमच त्यांचे पाऊल मागे रेललेले नव्हते. इतकी वर्षे मी त्यांना जे शिकवले असे त्या म्हणत, तेच त्यांनी केले. ठिपके आले, म्हणून त्या सरळ चालू लागल्या.

मुरोझुमी साहेब पट्टीच्या अलीकडे, आपल्या जागी उभे होते. निवेदनात हेही खरे लिहिले आहे. त्यांनी पाहिले. "बाई," ते म्हणाले, "अहो बाई." पाहुण्यांना जेवायला उठवताना लावतात त्या आवाजात म्हणाले. वर माफ्या चालू होत्या.

पुढचे मी सांगणार नाही. ते माझ्या रुळांना ठाऊक आहे.

नंतर मोजमापे झाली. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या बाजूच्या फरशा मोजल्या आणि त्या नियमाप्रमाणे भरल्या. मधली जागा कोणी मोजली नाही, कारण ती मोजणाऱ्याला ती आपली आहे असे मान्य करावे लागले असते. मग एकमताने निवेदन लिहिले गेले. प्रत्येक ओळ दोन्हीकडच्या विद्वानांनी तपासली. "अखंड" हा शब्द सुचवणाऱ्याचे मी मनापासून कौतुक करते. तो शब्द म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन खऱ्या गोष्टींतून एक असत्य कसे उगवते याचा नमुना आहे, आणि भाषेच्या अभ्यासकांनी तो जपून ठेवावा.

आज त्या मधल्या जागेच्या कडेला हिरव्या रोपांची एक लांबट कुंडी ठेवलेली आहे. दोन्ही कंपन्यांनी मिळून ठेवली. सुरुवातीला लोक तिच्यापुढे हात जोडत. आता तिच्या कडेवर पिशव्या टेकवतात. फरशा अजून बसलेल्या नाहीत. त्याविषयी बोलणी निवांत चालू आहेत. आणि गेल्या आठवड्यापासून माझ्या तांबड्या जिन्यावर एक नवी काठी टकटक करते. पावले तरुण आहेत. पहिल्या दिवशी ती ठिपक्यांवर येऊन थांबली. बराच वेळ थांबली. दुसऱ्या दिवशी कमी थांबली. काल ती जेमतेम थबकली. ती शिकते आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचे असते. मला रंग नको, नवे छप्पर नको, माझ्या वयाचा सोहळा नको. माझ्यावर भांडा. माझ्यात जे मोडलेले दिसेल ते ओरडून सांगा, ज्याचे असेल त्याला लाज वाटेल अशा आवाजात सांगा. एखाद्याच्या पायाखाली फरशी नसेल तर ती कोणी बसवायची हे ठरेपर्यंत निदान त्याचा हात धरा, आणि हात धरल्याने तो लाजेल का याचा विचार तो पलीकडे पोचल्यावर करा. ज्या घरात कोणीच कोणाला दुखवत नाही, त्या घरात एकदा जमिनीकडे नीट पाहून घ्या.

आता एकच प्रसंग उरला. मृत्यूनंतरचा एकोणपन्नासावा दिवस आमच्याकडे पाळतात. त्या दिवशी दुपारी किकुए-सानची मुलगी मियो माझ्याकडे आली. तिशीतली, काळा पोशाख, हातात फुले. दोन्ही स्टेशनमास्तर पट्टीच्या दोन बाजूंना उभे राहून एकाच कोनात वाकले आणि बराच वेळ वाकलेले राहिले.

"मला ते निवेदन पाठ झालंय," मियो म्हणाली. "आई काय ओलांडून गेली ते त्यात आहे. का ओलांडलं ते नाही. आई ठिपके विसरणारी बाई नव्हती."

ओबातांनी मुरोझुमींकडे पाहिले. "या बाबतीत... आधी साहेबांनी बोलावं, हे योग्य."

"नाही, कड हिरवीची आहे," मुरोझुमी म्हणाले. "तेव्हा आपणच आधी."

"घे," टपरीतून सुगेबाई म्हणाल्या. "बघून घे पोरी. हे असं. तुझ्या आईच्या फुलांपुढेसुद्धा 'आधी आपण'." त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. त्या वाटी पुसत होत्या आणि ती वाटी केव्हाच कोरडी झाली होती.

इतक्यात हिरवीची गाडी आली. ओबाता वाकले आणि आपल्या कामाला निघून गेले. मियोने फुले पट्टीवर ठेवली, निम्मी इकडे आणि निम्मी तिकडे पडली. तिने ती सरळ केली नाहीत.

"ते गेले," ती म्हणाली. "आता इथे कोणाला वाईट वाटायचं नाही, साहेब. तुम्हाला ठाऊक होतं का?"

मुरोझुमींनी टोपी काढली. मग हातमोजे काढले. इतक्या वर्षांत फलाटावर त्यांचे उघडे हात मी पाहिले नव्हते. त्यांनी पुढे जे सांगितले ते कोणत्याही चौकटीत लावलेले नाही, म्हणून मी ते जसेच्या तसे इथे ठेवते.

"ठाऊक होतं. मी रोज सकाळी तुमच्या आईच्या मागे उभा राहून त्यांची ती तीन पावलं बघायचो, आणि त्या पलीकडे पोचल्या की मनात 'ठीक' म्हणायचो. एक वाक्य बोललो असतो तर आठवड्यात फरशा बसल्या असत्या. त्या पडतील याची भीती मला वाटत होती. पण ओबाता साहेबांना अवघडल्यासारखं होईल, याची जास्त वाटत होती."